धुण्याच्या यंत्राचे पाणी कोठे सोडावे

मोरीच्या तोंडाशी साबणाचे पाणी क्षणभर थांबते, फुगते आणि मगच पुढे जाते. ब्राह्मणपुरीच्या दोधू पाटलांकडे ते थांबत असे, फुगत असे आणि मागे येत असे. पाणी उताराकडे वाहते हा निसर्गनियम आहे. उतार कोणीकडे असावा हे मात्र घरातली वडीलधारी मंडळी ठरवतात.

एकोणीसशे अडतीस साली पाटलांनी, म्हणजे माझ्या मामांनी, मुंबईहून कपडे धुण्याचे यंत्र आणवले. हे एक दांडा लावलेले जस्ती पिंप असून दांडा सुनेने फिरवायचा असतो. (यामुळे सुनेला विश्रांती मिळते, असे माहितीपत्रकात छापले होते.) जुनी मोरी तांब्या-तांब्याने येणाऱ्या पाण्यासाठी बांधलेली. पिंपाचे बूच काढताच सगळे पाणी एकदम सुटे आणि उंबरा ओलांडून चुलीपर्यंत येई. तिथे सून कौसाबाई भाकरी थापत असे. तिला सातवा महिना होता. एकदा ती घसरली. खांब हाताशी होता म्हणून निभावले.

घटनेची गंभीर दखल घेण्यात आली. एक समिती ओट्यावर घोंगडी टाकून बसली आणि श्रावणभर बसून राहिली. समितीत मामा होते, शेजारचे सुपडूतात्या होते आणि पंचक्रोशीतले सर्वांत सुविद्य गृहस्थ नवलसिंगबापू होते. बापू कोपऱ्यात लोडाला टेकून साप्ताहिक वाचत. सुनेच्या हालांचा विषय निघाला की हळहळत, विनोद झाला की नेमके हसत, आणि पुढची ओळ वाचू लागत. त्यांचा कोणालाही उपद्रव नव्हता.

मी पुण्यास पदार्थविज्ञान शिकत असल्यामुळे मला समितीत घेणे कोणालाच सुचले नाही. पाणी भरलेल्या बाटलीतला बुडबुडा पाहून मी घराचा उतार काढला. तो पूर्वेला होता, ओट्याखालून थेट गल्लीच्या गटारात.

"पोरी, बाटलीले काय समजस?" सुपडूतात्या म्हणाले. "ती तं सोताच आडवी पडेल शे!"

बापू नेमके हसले.

समितीने दिशांचा क्रमाने विचार केला. उत्तरेला विहीर (हे एक कारण मलाही पटले). दक्षिणेला यम. पश्चिमेला मामांचे धाकटे भाऊ छगन, ज्यांच्याशी बोलचाल बंद होती. यम आणि छगन यांपैकी कोणाला दुखवावे यावर मते घेतली, तेव्हा छगनचा धाक अधिक निघाला. पण यमाला दुखवावे यासाठीही कोणी हात वर केला नाही. पूर्वेचा विचार झाला नाही, कारण तिथे समिती बसलेली होती. सबब पाण्याने घरातच राहावे आणि कौसाबाईने जपून चालावे, अशी शिफारस तयार झाली. बापूंनी "अरेरे" म्हणून पान उलटले. तोवर कौसाबाईला आठवा लागला होता.

शिफारस मंजूर होणार एवढ्यात आतून तवा आदळल्याचा आवाज आला.

"काय व्हयनं?" मामांनी ओरडून विचारले. "यंत्र तं ठीक शे ना?"

दगूबाई मामी दारात आली. लग्न होऊन आल्यापासून ओट्यावरच्या मंडळींत ती एक शब्द बोलली नव्हती. तिच्या डोक्यावर पदर होता आणि हातात पहार.

"कौसा परत घसरनी. मी धरं, म्हणून वाचनी," ती म्हणाली, आणि पहारीचे टोक तिने मामांच्या गुडघ्याजवळच्या दगडी फटीत रोवले.

मामा उठले. सुपडूतात्या घोंगडीसकट उठले. कोपऱ्यातून मात्र कोणी हलले नाही. तिथे इतका वेळ सगळे नीट समजत होते, मजाही येत होती, आणि दोनच ओळी उरल्या होत्या.

मामीने तिकडे बोट केले. "पानी आठूनच जाई. आन तो बसीसन वाची ऱ्हायना ना, त्याले भी उठाडा. पानीनी वाट त्यानाच खाले शे."