फक्त विवाहासाठी

विवाह नोंदणी कार्यालयात भर दुपारी वीज गेली, आणि परत आली ती अंगात आल्यासारखी. ट्यूबलाइट डोळे दिपतील इतकी पेटली, पंख्याने छत सोडायचा विचार केला आणि एकुलत्या एक कंप्युटरमधून जळका वास सुटला. पाहणी केली तेव्हा नुकसान किरकोळ निघालं. कंप्युटर चालू होता, अंगठा घ्यायची दोन्ही यंत्रं चालू होती. फक्त ज्या पोर्टात लग्नाचं यंत्र जोडत, तो पोर्ट जळाला होता. शेजारचा घटस्फोटाचा पोर्ट ठणठणीत होता.

दोन्ही पोर्ट दिसायला सख्खे जुळे. पण एकाखाली चिठ्ठी होती 'फक्त विवाहासाठी' आणि दुसऱ्याखाली 'फक्त घटस्फोटासाठी'. चिठ्ठ्या हेडक्लार्कांनी स्वतःच्या हाताने डकवल्या होत्या. त्यांना सगळे कलमभाऊ म्हणत, कारण कलम सांगितल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नसत. घरीही काचेच्या कपाटातले सोनेरी काठाचे कप 'फक्त पाहुण्यांसाठी' होते. घरचे लोक कान तुटलेल्या कपांतून चहा पीत आणि पाहुणे फारसे येत नसत.

"भाऊ, लग्नाची वायर शेजारच्या पोर्टात लावू या का?" टायपिस्टबाई म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम."

"बाई, आज तिथे लग्न लावाल, उद्या कोणी उठून पंखा लावेल. शिस्त म्हणून काही राहणार की नाही?"

पण येत्या शुक्रवारी भाऊंच्याच मुलीचं लग्न नोंदवायचं होतं. एकुलती एक पोर, तिच्यावर त्यांचा भारी जीव. बाबांच्याच टेबलावर लग्न करायचं, असा तिचा हट्ट होता.

दुरुस्तीच्या कंपनीचा माणूस आला. त्याने टॉर्च मारून आत पाहिलं.

"जळालाय."

"म्हणूनच तर बोलावलं तुम्हाला."

"आमचा करार पोर्ट दुरुस्त करायचा आहे. जळाला म्हणजे तो पोर्ट राहिला नाही, नुसतं भोक राहिलं. भोकं करारात बसत नाहीत. विजेचा दाब वाढला होता असं वीजवाल्यांकडून लिहून आणा, मग बघू."

वीज कार्यालयातला माणूस सज्जन होता. त्याने भाऊंना बसायला खुर्ची दिली. "वीज कमी मिळाली तर आम्ही तक्रार घेतो," तो म्हणाला. "तुम्हाला जास्त मिळालीय. जास्त मिळाल्याची तक्रार आजवर कोणी केली नाही, आणि घरच्यासारखं सांगतो, करूही नये. नजर लागते."

भाऊ हात हलवत परतले. शेवटी कार्यालयाच्या साहेबांनीच तोड काढली.

"भाऊ, घटस्फोट कोणाचा होतो?"

"लग्न झालेल्यांचा, साहेब."

"म्हणजे ज्यांचा घटस्फोट झाला, त्यांचं लग्न झालं होतं हे आपोआप सिद्ध होतं की नाही?"

भाऊंनी मनातल्या मनात सगळी कलमं चाळली. एकही आडवं येईना. "होतं, साहेब."

"मग चालू पोर्टातून घटस्फोट देत चला. लग्नाचा पुरावा त्यातच आला. पोर्ट दुरुस्त झाला की रीतसर लग्नही लावून टाकू."

दुसऱ्या दिवसापासून घटस्फोटाच्या खिडकीवर नटूनथटून जोडपी येऊ लागली. जे खरोखर फारकत घ्यायला आले होते त्यांची पंचाईत झाली. एक बाई नवऱ्याकडे पाठ करून रांगेत उभ्या होत्या. पुढच्या जोडप्याचं लाजणं बघून त्यांना राहवलं नाही. "बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "लोक घटस्फोटसुद्धा किती प्रेमाने घेतात. तुम्हाला तेही जमायचं नाही."

शुक्रवारी मुलगी आली, बरोबर होणारे जावई. तिने चिठ्ठ्या वाचल्या आणि वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, वायर बदला ना."

"बाळा, लोकांना एक नियम आणि पोटच्या पोरीला दुसरा, हे माझ्या हातून व्हायचं नाही."

"जाऊ दे गं," जावई समजुतीने म्हणाले. "कागदावरचंच तर आहे."

दोघांनी अंगठे टेकवले. पडद्यावर उमटलं, 'आपण आता एकमेकांपासून मुक्त आहात.' टायपिस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या. भाऊंचे डोळे भरून आले. पोरीचं भलं झालं, असं त्यांना मनापासून वाटलं.

पुढे कंपनीने ते काम 'भोक बुजवणे' या सदरात बसवलं आणि नवा पोर्ट लागला. भाऊंनी नवी चिठ्ठी डकवून पहिला मान लेकीला दिला. यंत्राने अंगठे घेतले आणि लग्न लावायला नकार दिला. फारकत झालेल्यांना त्याच माणसाशी लग्न करायचं तर समेटाचा पुरावा हवा होता.

"समेटाला आधी भांडण लागतं," साहेब म्हणाले. "कशावरून भांडलात?"

"आम्ही भांडलोच नाही," मुलगी म्हणाली.

"मग फारकत कशी घेतलीत? म्हणजे कार्यालयाला फसवलंत?"

"आठवा काहीतरी," भाऊ काकुळतीने म्हणाले. "एखादं लहानसं तरी झालं असेल."

"आठवायचं काय त्यात?" जावई म्हणाले. "तुझ्या बाबांनी त्या दिवशी एक वायर हलवली असती तर ही वेळच आली नसती."

"बाबांना मध्ये आणू नकोस. कागदावरचंच तर आहे, असं कोण म्हणालं होतं?"

"तुमच्या घरात कागदापलीकडे आहे तरी काय?"

शब्दाने शब्द वाढला. जावई तरातरा निघून गेले, मुलगी रडू लागली. साहेबांनी समाधानाने मान डोलावली. "आता कसं रीतसर झालं. समेट झाला की या."

संध्याकाळी भाऊंच्या बायकोने चहा केला. मुलगी उठली, काचेचं कपाट उघडून तिने सोनेरी काठाचा कप काढला आणि त्यात चहा ओतून घेतला.

"अगं, तो पाहुण्यांचा आहे," भाऊंच्या तोंडून निघून गेलं.

"मग मी कोण आहे, बाबा? उद्या तुमच्या पडद्यावर बघून या आणि सांगा."

भाऊंच्या कानतुटक्या कपातला चहा निवून गेला.

भाऊंना हसायचं तर खुशाल हसा. पण हे वाचताना तुमच्याही हातात चहा असेल, तर कप कोणता आहे तेवढं बघा. आणि चांगले कप कुठे ठेवलेत, कोणासाठी, तेही आठवा.