डेल्विनाचा जावई

विनी आजीनं डंकन सरांना मुलगा मानलं, त्याला कारण झालं एक पंक्चर. आजीची गाडी शाळेच्या फाटकासमोर बसली, नवे सर धावत आले, त्यांनी चाक बदललं आणि वर "आणखी काही लागलं तर सांगा" असंही म्हणाले. आमच्या या वाळवंटातल्या आदिवासी गावात असं बोलणं फार धोक्याचं. आजीनं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, "आजपासून हा माझा पोरगा. जाकामारा गोताचा."

गोत नसलेला माणूस आमच्याकडे अडचणीचाच असतो. त्याला काय म्हणून हाक मारायची, कोणाशेजारी बसवायचं, कोणाच्या ताटातलं त्यानं खायचं, काहीच ठरवता येत नाही. एकदा गोत मिळालं की अख्खं गाव तुमचं नात्याचं. सर भलतेच खूश झाले. मेलबर्नहून आलेल्या माणसाला दुसऱ्याच आठवड्यात आई, सोळा भाऊ आणि मोजता न येणारे पुतणे मिळाले होते.

पण आजीनं घाई केली. जाकामारा पुरुषाला नांगाला गोतातली प्रत्येक बाई, मग ती कितीही लहान असो, सासूच लागते, आणि सरांच्या वर्गात पहिल्याच बाकावर डेल्विना नांगाला बसायची. वय वर्षं दहा. शाळेच्या फुटीच्या, म्हणजे आमच्या लांबट बॉलच्या फुटबॉलच्या, संघात तिच्याइतकी लांब किक मारणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता सासू-जावयाचं आमच्याकडे कडक असतं. एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, एका सावलीत बसायचं नाही. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. सोमवारी सकाळी सर वर्गात आले आणि नेहमीसारखे म्हणाले, "डेल्विना, सात नव्वे किती?"

डेल्विनानं झटकन भिंतीकडे तोंड केलं.

"बरं नाही का गं?" सर काळजीनं जवळ गेले. ती बाकाखाली शिरली. सर वाकले. ती दुसऱ्या बाजूनं निघून कपाटामागे गेली. सर कपाटाला वळसा घालून गेले, तोवर ती खिडकीतून बाहेर पडली होती.

"सर, पुरे करा!" मागच्या बाकावरून शेल्टन ओरडला. "सासूच्या मागं काय लागलाय तुम्ही!"

वर्ग हसून हसून लोळला. सर तडक आजीच्या अंगणात.

"आई, अगं ती पोरगी दहा वर्षांची आहे!"

"मग बरंच की. लहान सासू पुष्कळ वर्षं टिकते."

"माझं गोत बदलून दे ना."

"बदलून? दुकानातून आणलाय का तुला? एकदा माझा झालास तो झालास."

सर मुळात सरळ माणूस. त्यांनी नियम पाळायचा म्हटलं तर पुरताच पाळला. कपाट ओढून वर्गाच्या मधोमध लावलं. कपाटापलीकडे डेल्विना आणि नांगाला गोताच्या आणखी दोघी. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तिथं सात मुली होत्या आणि तिसऱ्या दिवशी तर सर नुसत्या फळ्याला शिकवत होते, कारण समोर कोणीच उरलं नव्हतं. शेवटी आजी काठी आपटत आली आणि एकेकीला बाहेर ओढू लागली.

"तू कुठली सासू? तू तर याची पुतणी! आणि शेल्टन, तू? तू पुरुष आहेस मेल्या!"

मैदानावर मात्र सरांनी छान युक्ती काढली. सासूशी थेट बोलता येत नसलं, तरी दुसऱ्याच कशाला उद्देशून बोललेलं तिला ऐकू येतंच. सर पाण्याच्या पिंपाकडे तोंड करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "अरे पिंपा, डावीकडे मोकळी जागा आहे रे." डेल्विना डावीकडे पळायची. पिंपाचा खेळ दिवसेंदिवस सुधारत होता.

खरी पंचाईत शनिवारी झाली. खाऱ्या तळ्याच्या गावी चषकाचा उपांत्य सामना होता. वर्षातून एकदाच होणारा हा चषक गेली कित्येक वर्षं त्याच गावाकडे. यंदा डेल्विना आहे म्हणून आमच्या पोरांना पहिल्यांदाच आशा वाटत होती. पण गावातल्या चालणाऱ्या गाड्या मोठ्यांच्या सामन्यासाठी आदल्या दिवशीच शहरात गेलेल्या. डेल्विनाच्या बापाच्या गाडीचं इंजिन गाडीत कमी आणि अंगणात जास्त होतं. उरली शाळेची गाडी, आणि ती चालवणार सर. जावयाच्या गाडीत सासू बसणार कशी?

"मध्ये घोंगडी बांधतो," सर म्हणाले.

आजीनं आत डोकावून पाहिलं. "आरशातून दिसतं."

"आरसा काढतो."

"मग मागचं दिसायचं नाही. सगळी पोरं मारशील."

सर पिंपाकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पिंपा, तिला पुढच्या वर्षी नेऊ," आणि पोरांच्या पाण्याच्या बाटल्या आणायला शाळेत गेले.

डेल्विना उजाडल्यापासून बूट घालून बसली होती. ती टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली. बाकीची पोरं गाडीत चढेनात. आम्हा मोठ्यांनाही फार वाईट वाटलं, पण नियमाच्या पुढे बोलणार कोण?

तेवढ्यात लाल धुळीनं माखलेली एक भाड्याची गाडी येऊन थांबली. आतून एक उंच, घामाघूम बाई उतरली.

"डंकन इथंच असतो ना? मी हॅरिएट. आमचं लग्न ठरलंय. त्याला सांगितलं नाही, म्हटलं अचानक जावं."

"म्हणजे माझी सून!" आजीनं तिला मिठीच मारली. "जाकामाराची बायको म्हणजे तू नापालजारी गोताची."

आमच्या पोरांना पाढे येत नसतील, पण गोताचा हिशोब पाळण्यातच येतो. कट्ट्यावरचं रडणं बंद झालं. नापालजारीची आई कोण? नांगाला! डेल्विनानं बाहीनं नाक पुसलं, उठली आणि हॅरिएटसमोर येऊन उभी राहिली.

"पोरी, तुझी गाडी वाळूत चालते का?"

"चालते, पण... ही कोण?"

"तुझी आई," आजी म्हणाली. "ऐक तिचं."

डेल्विना केव्हाच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. "चल, उशीर झालाय. हळू चालव, पुढं रेती आहे. आणि इतकी वाळलीस कशानं गं? जेवत नाहीस का?"

"जेवते ना," हॅरिएट म्हणाली आणि तिनं मुकाट्यानं गाडी सुरू केली.

सामना अटीतटीचा झाला. मैदानावर सासू, त्यामुळे सर पूर्ण वेळ मैदानाकडे पाठ करून झुडपांकडे बघत उभे. डोळ्यांचं काम हॅरिएटकडे.

"काय झालं? काय झालं?"

"आई पडली!"

"कोणाची?"

"माझी! उठली, उठली! बॉल घेतला... डंकन, किती लांबून मारतेय बघ!"

"कसं बघू?" सर कळवळून म्हणाले.

बॉल दोन खांबांच्या बरोबर मधून गेला. सरांनी समोरच्या झुडपाला कडकडून मिठी मारली. ते काटेरी निघालं, पण त्यांनी ते बराच वेळ सोडलं नाही.

त्या किकनं आम्ही जिंकलो आणि अंतिम सामना पुढच्या शनिवारी ठरला. संध्याकाळी हॅरिएट दुकानाबाहेरच्या फोनपाशी गेली, म्हणजे अख्ख्या गावासमोरच. दुसऱ्या दिवशी ती परत जाणार होती. डेल्विना बॉल मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. ती नुसती बघत होती, पण आईचं बघणं होतं ते.

"आई, मी उद्या येत नाही," हॅरिएट फोनवर म्हणाली. "आणखी आठवडाभर राहते."

"असं कसं?" मेलबर्नचा आवाज पार रस्त्यापर्यंत आला. "कोणाला विचारून ठरवलंस?"

हॅरिएटनं वळून पायरीकडे पाहिलं.

"आईला विचारून."

"अगं, तुझी आई मी!" पलीकडचा आवाज आणखी चढला. डेल्विनाला ते पटलं नसावं. ती उठून फोनजवळ आली आणि हॅरिएटची बाही ओढून म्हणाली, "सांग त्यांना, काळजी करू नका म्हणावं. पोरीला मी नीट जेवू घालते."