पश्चिमेकडचं नाव

उंडीवेळ गावात कापलेलं झाड ज्याचं नाव घ्यावं त्याच्या दिशेनं पडतं. झाडाचा कल कुठेही असो, वारा कुठलाही असो. तोडणाऱ्यानं बुंध्याला खाच पाडायची, खाचेत तोंड घालून हलकेच नाव सांगायचं आणि मग उलट बाजूनं करवत लावायची. पुण्यातल्या माणसाचं नाव घेतलं तर झाड पूर्वेला पडतं, गोव्यातल्याचं घेतलं तर दक्षिणेला. म्हणून गावात कुणाचा मुलगा कुठं नोकरीला लागला याची चौकशी आपुलकीनं होते, आणि पत्ता ग्रामपंचायतीच्या वहीत जातो.

नियम दोनच आहेत. एका माणसाच्या नावावर एका मोसमात दोन झाडं पडतात, तिसरं ऐकत नाही. आणि माणूस हयात असावा लागतो. मेलेल्याचं नाव घेतलं तर झाड आरपार कापूनही उभं राहतं, त्याच्यावर दुसऱ्यांदा करवत चालत नाही, आणि ते कधी कोसळेल याची शाश्वती कुणी देत नाही. वरच्या आळीतला गुरवांच्या घरावर झुकलेला फणस असाच अकरा वर्षं उभा आहे. गुरवांनी बहिणीचं नाव घेतलं होतं. बहीण सकाळीच गेली होती आणि फोन दुपारी आला. गुरव तेव्हापासून मेहुण्याकडे राहतात.

यंदाच्या वादळानं गावातली बहुतेक झाडं मोडली किंवा कलंडली. रस्ता खचल्यामुळे गॅसच्या टाक्या यायच्या बंद झाल्या, आणि सगळ्या गावाला एकदम सरपणाची आठवण झाली. पूर्वेकडची, उत्तरेकडची नावं मुबलक होती. अडचण किनाऱ्यालगतच्या घरांची होती. तिथं तिन्ही बाजूंना घरं दाटीनं उभी, मोकळी काय ती पश्चिमेची वाळूची पुळण. आणि पश्चिमेला समुद्र. गावची चार माणसं समुद्रापलीकडे आखातात कामाला होती, त्यांची आठ झाडं पहिल्या पंधरवड्यातच संपत आली.

धोंडू निवळकर गावातला सगळ्यात सावध तोडणारा. आधी वर अडकलेल्या मोडक्या फांद्या बघणार, मग पळायची वाट मोकळी करणार, मग कुऱ्हाडीला हात लावणार. त्याच्या स्वतःच्या घरावर रायवळ आंबा ओणवा झाला होता. अर्धी मुळं वर आलेली. त्याखाली तो आणि बायको सत्यवती महिनाभर झोपत होती.

"रुपेशचं नाव घ्या की," सत्यवती म्हणाली. "तो पश्चिमेलाच हाय."

रुपेश त्यांचा मुलगा. वादळाच्या चार दिवस आधी ट्रॉलरवर गेला होता. ट्रॉलर आला नाही, त्याची एक फळी आली.

"बघू," धोंडू म्हणाला.

"बघायचं काय त्यात? आंबा पुळणीवर पडला म्हणजे पोर जिता हाय. घर पण वाचंल."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. धोंडूला फक्त भीती वाटत होती. आंबा उभा राहिला तर घर जाणार होतं, पण घराचं त्याला तेवढं वाटत नव्हतं. उभ्या आंब्याकडे सत्यवती कशी बघेल, ते त्याला बघायचं नव्हतं.

तो शेजारी अब्बास मुकादमांकडे गेला. अब्बासभाई आणि त्यांची बायको हलिमा यांचा मुलगा इरफान मस्कतला होता. त्याच्या नावावर एक झाड शाळेचं पडलं होतं, दुसरं अब्बासभाईंनी स्वतःच्या चिंचेसाठी राखून ठेवलं होतं. चिंच त्यांच्या छपरावर वीतभर अंतर राखून होती.

"माझी चिंच थांबंल," सगळं ऐकून अब्बासभाई म्हणाले. "वैनीला सांगू नको, आणि हलिमालापण नको."

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वहीत इरफानचं नाव लिहिलं, धोंडूची सही घेतली आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी धोंडूनं आंब्याच्या खाचेत तोंड घातलं. सत्यवती दहा पावलांवर उभी होती. खाचेत काय बोललं ते तोडणाऱ्याला आणि झाडालाच ऐकू येतं. करवत संपत आली तसा आंबा घरावरून सावकाश उठला, वळला, आणि पुळणीवर आडवा झाला.

सत्यवती रडली, मग हसली, मग तिनं सगळ्या आळीला गूळखोबरं वाटलं. त्या दिवसापासून ती तिसरं ताट वाढू लागली. ओल्या लाकडाचा धूर घरभर व्हायचा, तरी तिची तक्रार नव्हती. धोंडू खाली मान घालून जेवायचा. बायको इतकी सुखात आहे आणि ते सुख आपण उसनं आणलंय, हे त्याला घासागणिक टोचत होतं.

चिंच मात्र थांबली नाही. एका संध्याकाळी ती छपराला टेकली आणि चार कौलं फुटली. हलिमा रडत सत्यवतीकडे आली. इरफानची दोन्ही झाडं कधी संपली ते तिला कळत नव्हतं. नवरा नीट सांगत नव्हता.

"मग आमच्या रुपेशचं घे," सत्यवती म्हणाली. "त्याचं अजून एक बाकी हाय."

ती स्वतः ग्रामपंचायतीत गेली. भाऊसाहेबांनी वही उघडली आणि बराच वेळ पानाकडे बघितलं.

"आहे ना बाकी?" तिनं विचारलं.

"आहे," भाऊसाहेब म्हणाले. किती आहेत ते तिनं विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायची त्यांच्या खात्यात पद्धत नाही.

अब्बासभाई धोंडूला कुंपणाशी भेटले. "नको म्हणू का मी?"

"काय कारण सांगशील?"

अब्बासभाई फुटलेली कौलं वेचायला गेले.

चिंच तोडायच्या दिवशी सगळी आळी जमली. धोंडूनं मोडक्या फांद्या बघितल्या, पळायची वाट मोकळी केली, पुळणीच्या बाजूला खाच पाडली आणि तोंड घातलं. आखातातली चारही नावं त्यानं मनात घोळवून बघितली. सगळी वापरलेली होती. मागून सत्यवती हलिमाला सांगत होती, भिऊ नको, त्याचं नाव चांगलं चालतं.

"रुपेश," धोंडू म्हणाला.

त्यानं करवत चालवली. ती या कडेनं आत गेली आणि त्या कडेनं बाहेर आली. भुसा पडायचा थांबला. चिंच उभी होती.

मग एकेक जण घरी जायला निघाला, चिंचेला लांबून वळसा घालून. भाऊसाहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात 'उभे' असं लिहिलं.

सत्यवती झाडाच्या शेंड्याकडे बघत होती. वर बघतच तिनं विचारलं, "आपला आंबा कुणाच्या नावानं पडला?"

"इरफानच्या," धोंडू म्हणाला.

तिनं मान हलवली. धोंडूला वाटलं ती ओरडेल, निदान करवत तरी उचलून फेकेल. ती हलिमाकडे गेली आणि तिनं घरातून बाहेर आणलेली कळशी आपल्या हातात घेतली.

तिन्हीसांजेच्या आत मुकादमांचं सामान निवळकरांकडे आलं. गाद्या, पेट्या, मस्कतहून आलेला मिक्सर. चुलीत आंब्याचं लाकूड जळत होतं. आता ते बऱ्यापैकी वाळलं होतं. सत्यवतीनं चार ताटं घेतली, पुसली आणि मांडली. हलिमा दारात बिछान्याची वळकटी घेऊन उभी होती. कुठं टाकू, असं तिनं विचारलं.

"रुपेशच्या खोलीत," सत्यवती म्हणाली. "रिकामीच हाय ती."