अम्पोन्सा मास्तरांचा मोठा फोटो

टोमॅटोवालीने पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हाच बिरागो मॅडमना शंका यायला हवी होती. असुओक्रोमच्या बाजारात ही बाई सख्ख्या बहिणीलाही एक टोमॅटो वर घालत नसे. आज तिने सगळा वाटा मॅडमच्या पिशवीत ओतला आणि डोळे पुसले.

"राहू द्या आज पैसे," ती म्हणाली. "तुमच्या तर डोक्यावरचा हातच गेला."

"कुणाचा हात?"

"असं काय करता मॅडम? अम्पोन्सा मास्तर गेले ना. गावभर पोस्टर लागलेत."

 मॅडमना मुळाक्षरं गिरवायला लावली ती मास्तरांनी. गावातल्या शिक्षकांना गोळा करून वाचन मंडळ काढलं तेही मास्तरांनीच, आणि मॅडम आज त्याच मंडळाच्या सचिव होत्या. शिवाय परवाच्या शनिवारी मंडळाचा वाचन मेळावा होता आणि मास्तर त्याचे प्रमुख पाहुणे होते.

तो मेळावा म्हणजे मंडळाच्या जिवाचा प्रश्न होता. लॉरी थांब्यामागे शिक्षण खात्याने मंडळाला दिलेली एक खोली होती, तिच्यात पुस्तकं होती आणि त्या पुस्तकांना हात लावायला कोणी फिरकत नव्हतं. मागच्या मेळाव्याला शिक्षक सोडून जो एकमेव माणूस आला तो उन्हातून सावलीला टेकला होता आणि ढग येताच उठून गेला. अंत्यविधींना मांडव आणि खुर्च्या भाड्याने देणारा बेडियाको त्या खोलीवर टपून बसला होता. त्याला खुर्च्या ठेवायला जागा पुरत नव्हती. शेवटी जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी निरोप धाडला होता की शनिवारी मी स्वतः येतो, गावाला पुस्तकं हवीत की खुर्च्या ते डोळ्यांनी बघतो आणि तिथल्या तिथे निकाल देतो. म्हणून मॅडमनी या वेळी जाहिरातीवर मास्तरांचा फोटो टाकायचं ठरवलं होतं. मास्तरांच्या शब्दासाठी तरी गाव येईल, असा त्यांचा हिशेब होता. आणि आता मास्तरच गेले होते.

मॅडम रडतरडत गावाबाहेर मास्तरांच्या घरी धावल्या. मास्तर एकटे राहायचे. अंगणात कोण कोण जमलं असेल, मयत कुठे ठेवली असेल, असे विचार त्यांच्या डोक्यात घोळत होते. फाटक ढकललं तर अंगणात मास्तर बाकावर बसून भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात होते आणि शेंगदाण्यांवर डोळा ठेवणाऱ्या कोंबडीला दमात घेत होते.

मॅडम खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"काय गं, रडतेस का?" मास्तरांनी विचारलं.

"धूळ गेली डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत?"

"हो मास्तर."

"बस. केळं खा." मास्तरांनी ताटली पुढे सरकवली. मग त्यांनी सांगितलं की ते आत्ताच कोकोच्या मळ्यावर निघालेत आणि शनिवारी थेट मैदानावरच येतील. मॅडमनी केळ्याचा एक तुकडा कसाबसा गिळला, मास्तरांना पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं आणि बाजारातल्या कंड्यांना मनातल्या मनात शिव्या घालत त्या परत निघाल्या.

चौकात येताच त्या थबकल्या. समोरच्या भिंतीवर त्यांचंच पोस्टर होतं. काल घाईघाईत पाहिलं तेव्हा ते त्यांना देखणं वाटलं होतं. आज त्यांनी ते रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या नजरेनं पाहिलं. भलामोठा फोटो. भोवती सुतकाची लाल-काळी किनार. खाली नाव आणि "वय ८१ वर्षे". त्याखाली "शनिवार, सकाळी, शाळेचे मैदान". वाचन मेळाव्याचा मजकूरही होता, अगदी तळाला, बारीक अक्षरांत. शेजारीच परवा वारलेल्या सुताराचं पोस्टर होतं आणि दोन्हींत फरक एवढाच होता की सुतार जरा हसरा होता.  गावाला वाचायला लावायला निघालेल्या मंडळाने जिवंत मास्तरांना मारलं होतं, आणि ज्या बाईने हे पोस्टर काढलं तीसुद्धा आत्ताच त्यांच्या नावाने रडून आली होती.

त्या तशाच छापखान्यात गेल्या. छापखानेवाला टाक्ये शांतपणे पाव खात होता.

"लाल-काळी किनार कुणी सांगितली होती तुला?"

"मॅडम, मी वर्षभर छापतो काय? मेलेली माणसं. दुसरा रंग आणून ठेवला तर तो वाळून जातो. आणि तुम्हीच म्हणालात, फोटो मोठा हवा, वय घाल, म्हणजे मान राहील."

"अरे, पण ते जिवंत आहेत."

टाक्येचा पाव हातातच राहिला. त्याने आपल्या गिऱ्हाइकांपैकी कोणी जिवंत असल्याचं आजवर ऐकलं नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, "मेळाव्यात वाटायची ती मुलांच्या गोष्टींची पुस्तिकाही तशीच छापलीय हो मी. कव्हरवर हाच फोटो आहे."

मास्तरांना निदान आधी सांगावं म्हणून मॅडम पुन्हा त्यांच्या घरी धावल्या, तर घराला कुलूप. मास्तर मळ्यावर गेले होते आणि फोन नावाची वस्तू ते बाळगत नसत. मग त्यांनी पोस्टर उतरवायला घेतली. पहिलंच पोस्टर ओरबाडलं तशा चार बाया अंगावर धावून आल्या. मेलेल्या माणसाचं तोंड फाडतेस, तुला काही लाज, असं भर चौकात ऐकून घ्यावं लागलं. दुपारी त्यांनी पट्ट्या लिहिल्या, "मास्तर जिवंत आहेत", आणि प्रत्येक पोस्टरवर त्या आडव्या चिकटवल्या. संध्याकाळी पाद्रीबाबा एका पोस्टरसमोर उभे राहून लोकांना ती पट्टी वाचून दाखवत होते.

"खरंच आहे," ते म्हणाले. "देवाघरी मास्तर जिवंतच आहेत."

"आमेन," जमलेले लोक म्हणाले.

मॅडमनी मंडळाचे अध्यक्ष ओडुरो सर यांना गाठलं. शनिवारी सगळा गाव सुतकी कपड्यांत मैदानावर येणार, कुमासी शहराहून जुने विद्यार्थी गाडी करून निघालेत, बेडियाकोने तर स्वतःहून मांडव पाठवलाय, सगळं सांगितलं. सर घोरात पडतील असं त्यांना वाटलं होतं. सरांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे गर्दी होणार?"

"मयतीला होणार, सर."

"साहेबांना काय, डोकी बघायचीत. पुस्तकांसाठी आली की मयतीसाठी, डोक्यावर लिहिलेलं असतं का?"

"आणि मास्तर आल्यावर?"

 सरांनी मॅडमनाच सांगितलं की तुम्ही मैदानाच्या वाटेवर उभ्या राहा, मास्तर दिसले की बाजूला घ्या आणि सावकाश समजावा.

शनिवारी सकाळी मैदान लाल आणि काळ्या कपड्यांनी भरून गेलं. एवढा गाव मॅडमनी जन्मात एके ठिकाणी पाहिला नव्हता. शिक्षणाधिकारी गाडीतून उतरले आणि तोंड उघडं टाकून पाहतच राहिले. त्यांना वाटलं, हा मंडळाचा गणवेश असावा.

खरी कमाल पुढे झाली. मंडळाने मुलांसाठी गोष्टींची पुस्तिका छापली होती आणि कव्हरवर मास्तरांचा फोटो होता. असुओक्रोममध्ये माणूस एरवी काही वाचणार नाही, पण मयतीला वाटतात ती श्रद्धांजलीची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. कुणाकुणाची श्रद्धांजली घेतली, आपलं नाव गाळलं की काय, व्याह्यांचा फोटो आपल्यापेक्षा मोठा आहे का, हे सगळं त्याला बघायचं असतं. पुस्तिकांवर झुंबड उडाली. बघताबघता सगळं मैदान माना खाली घालून वाचायला लागलं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते शेजाऱ्याला कोपराने ढोसून विचारत होते, "माझं काही आहे का?" पुढच्या रांगेतली एक म्हातारी कासवाच्या गोष्टीवर हुंदके देत होती, कारण कासवाचा स्वभाव अगदी मास्तरांसारखा आहे असं तिचं म्हणणं पडलं.

"विश्वास बसत नाही," साहेब ओडुरो सरांच्या कानात म्हणाले. "अख्खं गाव वाचतंय."

वाटेवर उभ्या असलेल्या मॅडमचं लक्ष त्या वाचणाऱ्या मैदानाकडे गेलं आणि तिथेच अडकलं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी पायपीट केली ते समोर घडत होतं. त्यांना भरून आलं. तेवढ्यात मळ्याच्या बाजूने, कुंपणाच्या फटीतून, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मास्तर मैदानात शिरले.

आधी कोणी पाहिलं नाही, कारण सगळे वाचत होते. मग कासवावर रडणाऱ्या म्हातारीने वर पाहिलं. तिची किंकाळी ऐकून दुसरीने पाहिलं, आणि मग खुर्च्या उलटल्या, मांडवाचा एक खांब कलंडला, पाद्रीबाबा साहेबांच्या गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी काच वर केली. जे पळू शकले नाहीत ते जागच्या जागी थिजले.

"कोण गेलं?" मास्तरांनी विचारलं.

 मॅडम धावत आल्या आणि त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. रंग, फोटो, वय, पट्ट्या, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्ही गेलात, मास्तर. माझ्यामुळे."

मास्तरांनी मैदानावर नजर फिरवली. मांडव, बँडवाले, कुमासीहून आलेली माणसं, सगळं बारकाईने पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"एवढी माणसं आली," ते म्हणाले. "एवढा थाट केलात. आता मी खरंच गेलो तर कोण येणार गं? माझी मयत तुम्ही वापरून टाकलीत."

 हे मॅडमच्या ध्यानातच आलं नव्हतं. मास्तर मात्र दुखवट्याच्या मुख्य खुर्चीत जाऊन बसले.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "माझ्याबद्दल लिहून आणलंय ना? वाचा. मागून वाचणार होतात ते तोंडावर वाचा. पहिलं कोण?"

पहिला बेडियाको होता. जुन्या विद्यार्थ्यांच्या वतीने तोच बोलणार होता. तो पुढे आला आणि हातातला कागद पाहतच राहिला.

"वाच की."

"मास्तर, चष्मा विसरलो."

"तुझ्या नाकावर आहे तो."

बेडियाकोने चष्मा काढला आणि कागदाची घडी घातली. एवढा मोठा माणूस, पण आवाज पार बारीक झाला होता. "मला वाचता येत नाही, मास्तर. तुमच्या वर्गातून पळालो तो पळालोच. हे दुसऱ्याकडून लिहून घेतलं आणि पाठ केलं होतं. तुम्हाला बघितलं आणि सगळं विसरलो. तुम्ही गेलात म्हणून तर उभं राहायचा धीर केला. जिवंत आहात हे माहीत असतं तर आलोच नसतो."

 ज्याचं नाव गावातल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर रंगवलेलं होतं, त्याला ते नावही वाचता येत नाही हे गावाला आत्ता कळत होतं.  मास्तरांनी फक्त शेजारची खुर्ची ओढून त्याला बसायला लावलं, आणि तो बसला.

निकाल द्यायचा राहिला होता. साहेबांनी घसा साफ केला आणि विचारलं, "मिस्टर बेडियाको, खोलीबद्दल तुमचा अर्ज आहे माझ्याकडे. काय करू त्याचं?"

बेडियाकोने मान वर केली नाही. "राहू द्या साहेब," तो म्हणाला. "खोली पुस्तकांचीच राहू द्या."

मॅडमना रडावं की हसावं कळेना. गर्दी पांगायला लागली तसा बेडियाको त्यांच्याजवळ आला आणि इकडेतिकडे पाहून अगदी हळू बोलला.

"मॅडम, सोमवारपासून मी येईन त्या खोलीत. शिकायला. फक्त एवढं करा, माझं नाव किंवा फोटो कुठे लावू नका. माझी आई म्हातारी आहे, तिला हे झेपणार नाही."