सटवोजी पटाइतानें चौरंगाचा मान माथां घेतला

श्रीअंबेचे पायीं माथा ठेवोन सांगतों, श्रोतीं कान द्यावा. शके सोळाशें त्र्याण्णव, खरनाम संवत्सरीं, डोंगराआडच्या एका राज्यांत सटवोजी पटाईत म्हणोन मोठा मर्द होता. पट्टा फिरवी तों जणूं वीज नाचे, आणि दर दसऱ्यास भर दरबारांत खालीं झेप घेऊन भुईस टेकल्या तळहातावरचें लिंबू चिरी, आणि रीत ऐशी कीं तळहात पटाइताच्या घरच्याचाच. तो हात त्याच्या अस्तुरीचा, गोजाईचा. राजे खुष जाहले आणि चौरंगाचा मान दिधला, कीं सटवोजींनीं यापुढें भुईस बसूं नये. मग जेवण चौरंगावर, गप्पा चौरंगावर, आणि साल सरतां कंबरेंत ऐशी कळ उठली कीं झेपेंत पट्टा थरथरे. मग वैद्य आले, तेलें जिरलीं, शेला आवळून बांधिला, तों कळ दुप्पट. दसरा तोंडावर आला. सटवोजीस डोळ्यांपुढें लिंबू नव्हे, गोजाईचीं बोटें दिसत.

एके सकाळीं सुपारी भुईस पडली, ती उचलूं गेला तों बसवेना, कंबरेंतूनच वाकला आणि कळवळला. गोजाई म्हणाली, "अगाई! धनी, खुबे कोठें गहाण टाकिले?"

"थट्टा नको, गोजा."

"थट्टा कशाची? हात माझा जायचा! दावणीचें वासरूं आखडतें, तैसे तुमचे खुबे चौरंगाला आखडले. ते वळेनात, म्हणोन त्यांचें ओझें कंबर वाहते."

"राजाचा मान आहे तो!"

"मान खुंटीस टांगा आणि बूड भुईस टेका."

मग दार लावोन सटवोजी जात्यापुढें मांडी घालोन दळूं लागला, आणि उकिडवा बसोन अंगण सारवूं लागला, आणि गोजाई गाई,

दळण दळीतें, जातें फिरे गरागरा,
सैल हो रे खुब्या, माझ्या राजसाच्या जरा.

दसरा उजाडला. राजे वदले, "सटवोजी, चौरंगीं बसावें." सटवोजीनें चौरंग माथां लाविला आणि भुईस उकिडवा बसला. दरबार हबकला. राजे गरजले, "मान मोडतां?"

"मान डोईवर, महाराज. परंतु वरी बसलों तर खुबे आखडोन घरचीचा हात जाईल."

राजांनीं नगाऱ्यास खूण केली, गोजाईनें तळहातीं लिंबू ठेवोन हात भुईस टेकिला. आणि नगारा झडला, आणि सटवोजी उडाला, आणि खुबे कमळासारिखे उमलले, आणि पट्टा भुईलगत सर्रकन गेला, आणि लिंबाचीं दोन शकलें! गोजाईनें तळहात चाटिला. "आंबट आहे हो!"

एकच जल्लोष. राजेही हर्षें उतरोन उकिडवे बसूं गेले, तों कंबरेस हात! गोजाई म्हणाली, "महाराज, जातें मोकळें आहे."

तात्पर्य, तेथून त्या राज्यीं पटाईत चौरंग डोईवर मिरवितो, बुडाखालीं घेत नाहीं. लेखनास येथें विसांवा.