शेवटचं नाव गहिनीनाथचं

"सर्वप्रथम स्वागत करू या, माजी उपसरपंच कल्याणरावांचं!"

अमृत मास्तरांचा आवाज भोंग्यातून दणाणला आणि सोनईच्या त्या मंडपात कल्याणराव उठून चारी दिशांना हात जोडू लागले. सातव्या रांगेत त्यांचा धाकटा साडू गहिनीनाथ टाळ्या वाजवत होता, पण त्याचे तळहात एकमेकांना लागत नव्हते.

लग्न होतं दोघांच्या मेहुण्याच्या, कानिफनाथच्या मुलीचं. म्हणजे दोघा साडूंचं नातं अगदी सारखं. तरी गेल्या तीन लग्नांत नाव पुकारलं ते कल्याणरावांचंच. सकाळी निघताना गहिनीनाथची बायको राजेश्वरी म्हणालीच होती, "अक्काचा नवरा मंचावर, आन माझा खुर्चीत! नागापूरच्या कंपनीत सुपरवायझर हायेत म्हनं!" आता बायकांच्या रांगेतून तिनं वळून पाहिलं, आणि गहिनीनाथला खुर्ची टोचू लागली.

त्यानं लग्नपत्रिका उलटी केली आणि खालच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'श्री. गहिनीनाथ, सुपरवायझर.' मग शेजारच्या गोरक्षनाथला म्हणाला, "एवढं मास्तरांकडं सरकव."

दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या गोरक्षनाथनं पत्रिका हातात घेऊन वाचली. "हे काय हो?"

आपलं नाव आपणच लिहिलं, हे कसं सांगावं? गहिनीनाथ गडबडला. "ते... पुढं नावं मागितलीत."

"मग माझं?" गोरक्षनाथनं आपलं नाव लिहिलं, आणि लिहिलं ते गहिनीनाथच्या वर.

वर्गात एका पोरानं पाणी प्यायला सुट्टी मागितली की साऱ्या वर्गाचा घसा कोरडा पडतो. मोठी माणसं याहून वेगळी नसतात, फक्त मिशा असतात. सहाव्या रांगेतल्यानं दोन नावं पाहिली आणि त्याला वाटलं, सगळ्यांनीच द्यायची आहेत. पाचव्या रांगेतल्यांना वाटलं, आपणच मागे राहिलो. आणि जो तो आपलं नाव आधीच्याच्या डोक्यावर लिहीत गेला. पत्रिका भरली तेव्हा तिच्यावर दुसरी ठेवली, मग तिसरी. मास्तरांच्या हातात चांगली चळत पडली.

मास्तरांना वाटलं, यादी वधूपित्याकडून आली. कानिफनाथला वाटलं, मास्तरांनी केली. मास्तरांनी माईक तोंडाशी धरला.

"मंचावर यावं, टोपी-उपरणं स्वीकारावं!"

लोक वर जाऊ लागले. टोप्या दहाच आणलेल्या. त्या संपल्यावर फोटो निघाला की टोपी काढून पुढच्याच्या डोक्यावर चढू लागली. मंडपवाला वर गेला, आचारी हात पुसत वर गेला. प्रत्येक नावाला गहिनीनाथ अर्धा उठे आणि पुन्हा बसे.

"मास्तर, मुहूर्त चालला!" भटजी ओरडले.

"मधीच थांबवलं तर ऱ्हायलेले रुसतील," कानिफनाथ कळवळून म्हणाला. "वाचा बिगीबिगी!"

"सौभाग्यवती राजेश्वरीताई!"

गहिनीनाथनं मान वळवली. त्याची बायको पदर सावरत मंचाची पायरी चढत होती. म्हणजे पत्रिका तिच्याही हातून गेली होती आणि तिनंही नाव वरच लिहिलं होतं!

बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, "आणि शेवटचं नाव, गहिनीनाथराव, सुपरवायझर!"

तो ताठ उभा राहिला, हात जोडून चारी दिशांना वळला. तिन्ही दिशांना रिकाम्या खुर्च्या होत्या. चौथ्या दिशेला मंचावर अख्खा मंडप उभा होता आणि त्यातला प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे पाहत होता. वरून कानिफनाथ ओरडला, "दाजी, वर पाय ठिवायला जागा न्हाई. तुमी खालीच ऱ्हावा. समोरून अक्षदा टाकायला कुनीतरी पायजे ना!"

गहिनीनाथ खाली बसला. रडावं की चिडावं, ते ठरेना. तेवढ्यात शेजारी कल्याणराव येऊन बसले. वरच्या रेटारेटीत कोणीतरी त्यांचा पाय तुडवला होता. मंगलाष्टकं सुरू झाली तरी त्यांचं तोंड आंबटच.

"गहिन्या, खरं सांग. मास्तरला काय पाजलंस?"

"म्हंजी?"

"माझं नाव पयलं घेतलं. त्यावर साठ नावं पडली. आता माझं कुनाच्या ध्यानात हाय? तुझं शेवटी घेतलं. घरी जाताना लोकांच्या कानात तुझंच नाव ऱ्हानार. लई पोचलेला निघालास लेका!"

गहिनीनाथनं साडूच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. गेली कित्येक वर्षं आरशात दिसणारा चेहरा आज त्याला शेजारच्या खुर्चीत दिसत होता. खरं काय ते सांगायचं ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि ऐटीत अक्षता उधळल्या.

"काय न्हाई हो, साडूभाऊ. मास्तरांना मानसाची पारख हाय."

त्या दिवसापासून लग्नात नाव पुकारायला घेतलं की कल्याणराव हात हलवून म्हणतात, "आदी बाकीच्यांचं होऊ द्या." दोन खुर्च्या सोडून बसलेला गहिनीनाथ लगेच म्हणतो, "छ्या छ्या, आदी त्यांचं घ्या." सोनईच्या लोकांना दोघा साडूंच्या नम्रपणाचं फार कौतुक. लग्नं तेवढी अर्धा तास उशिरा लागतात.