थंडीतल्या वादळाचा शिरा

आमच्या वरच्या मजल्यावरचे दाऊदभाई मेलेल्या कलावंतांचे वाढदिवस साजरे करतात. स्वतः शिरा करून.

मूळचे दाभोळचे. बायको-मुलं तिकडेच. इथे आखातात, खोबरमध्ये, तीस वर्षं नकाशे काढतायत. सकाळी लिफ्टमध्ये पहिला प्रश्न, "आज कोण जन्मलं, सांगा बघू?" मला सासऱ्यांचीही तारीख आठवत नाही. मग तेच सांगतात. एक सनईवाला, एक चित्रकार, एक नर्तकी. "चष्मा होता तिला. पण काय नाचायची!"

थंडीतल्या वादळात जन्मलेला माणूस कलावंतच होतो, हा त्यांचा सिद्धांत.

"आणि मे महिन्यातला?" मी विचारलं. मी मे महिन्यातला.

"बँकेत जातो," ते म्हणाले. मी बँकेतच आहे.

गेल्या डिसेंबरात खोबरवर आभाळ फाटलं. रस्त्यांच्या खाड्या झाल्या, शाळा बंद, घरातले सगळे फोन एकदम किंचाळून 'बाहेर पडू नका' म्हणू लागले. एवढ्यात बेल. दारात दाऊदभाई, कोरड्या जिन्यात छत्री उघडून. वर्षभर पलंगाखाली पडून असलेल्या छत्रीची हौस.

"चला, शिरा तयार आहे. दहा जण बोलावले होते, सगळे पाण्यात अडकले. कोणीतरी हवंच हो."

"माझी मीटिंग आहे."

"मीटिंग उद्याही असते. वादळ नसतं."

गेलो. टेबलावर दहा बश्या मांडलेल्या. दाऊदभाई वहीतून त्या दिवशीची नावं खड्या आवाजात वाचू लागले आणि प्रत्येक नावाला वरून गडगडाट. मलाही चेव आला, टाळ्या पिटल्या. वाचून झालं तसे ते शिरा आणायला आत गेले. मी वही ओढली. सगळी नावं शाईची. खाली एक पेन्सिलचं, त्यांनी न वाचलेलं: दाऊद. मागची पानं उलटली. थंडीतल्या प्रत्येक वादळाच्या तारखेखाली तेच नाव, तीच पेन्सिल.

ते बाहेर आले.

"अहो, पण इकाम्याच्या ओळखपत्रावर तुमचा जन्म एक जूनचा आहे ना?"

"तो मास्तरांनी टाकलेला, शाळेत घालताना. आई एवढंच सांगायची, थंडी होती, वादळ होतं, होड्या परतल्या नव्हत्या. त्या गडबडीत तारीख कोण बघतो?" त्यांनी एक चमचा उगाच सरळ केला. "म्हणून थंडीत वादळ झालं की करून टाकतो. एखादं तरी बरोबर असेल."

मी बायकोला फोन लावला. "पोरीला घेऊन वर ये. वाढदिवस आहे."

"आज कोणता कलावंत?"

"दाऊदभाई."

दाऊदभाई पाठ फिरवून छत्री पुसत बसले. ती भिजलीच नव्हती.